पोरीचं नाव स्टुडंट पोलीस कॅडेटमध्ये आलं आहे, पाठवू का? (नागपूर)

मानेवाड्याची_आई यांचा प्रश्न

नमस्कार सगळ्यांना. मी इथे बहुतेक वाचतच असते, लिहीत नाही, पण आज लिहायची वेळ आली. माझी मुलगी आठवीत आहे, सरकारी शाळेत. सोमवारी शाळेतून आली ती उड्या मारतच, चपला पण काढल्या नाही, म्हणे आई माझं स्टुडंट पोलीस कॅडेटमध्ये नाव आलं, शनिवारी सकाळी परेड असते, पोलीस ठाणं दाखवायला नेतात, वर्दी पण भेटते. हातात फॉर्म, त्याच्यावर पालकांची सही पाहिजे, शुक्रवारच्या आत.

तेव्हापासून घरात शांतता नाही. मिस्टर ऑटो चालवतात, त्यांचा अर्धा दिवस चौकातल्या पोलिसांसमोरच जातो, ते म्हणून राहिले की त्या लोकांपासून जेवढं दूर तेवढं बरं. सासूबाईंचं म्हणणं, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, अन् ठाण्याची पायरी तर कोर्टाच्याही आधी येते, पोरीची जात, कायले पाठवता. माझा स्वतःचा अनुभवही चांगला नाही. पाच-सहा वर्षांआधी बाजारात माझी पर्स गेली, मोबाईल त्यातच, तक्रार द्यायला गेली तर दुपारी बारापासून साडेतीनपर्यंत बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी मोबाईल हरवला असं लिहून द्या म्हणाले, चोरी म्हणून घेतलंच नाही. घरी येऊन रडली होती मी.

पण दुसरीकडून पाहिलं तर ही पोरगी इतकी अबोल आहे की पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसते, वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही असं तिच्या मॅडमच सांगतात. आणि तिनं मला न विचारता स्वतःहून नाव दिलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा तिनं स्वतःसाठी काही मागितलं आहे, त्याला नाही कसं म्हणू हे मला समजत नाही.

मला हे विचारायचं आहे की तिथे नेमकं करवतात काय? आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, मार्चपासून सकाळी नऊलाच चटके बसतात. ट्रॅफिकला चौकात उभं करतात का? अभ्यासाचं काय? आणि सगळ्यात मोठी काळजी मी कोणाजवळ बोलली नाही ती इथे लिहिते. आमच्या गल्लीच्या मागे हातभट्टीची दारू विकतात. सगळ्यांना माहीत आहे, पोरीलाही माहीत आहे, शाळेत जायचा रस्ताच तिथून आहे. उद्या ठाण्यात कोणी तिला सहज विचारलं की बेटा तुमच्याकडे काय चालते, तर ती खरं सांगेल, तिला खोटं बोलता येत नाही. आणि मग त्या लोकांना कळलं तर आमच्या दारावर दगड पडायला किती वेळ लागते. मिस्टर रात्री अकराला घरी येतात. ज्यांची मुलं ह्यात होती किंवा ज्यांना आतली माहिती आहे त्यांनी कृपया सांगा.

उमरेड_रोड

ताई सही करून टाका. आमच्या टायमाला हे नव्हतं, आरएसपी होतं, रोड सेफ्टी पेट्रोल. शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी आम्हाला वर्गातून सोडत, शिट्टी अन् लाल पाटी घेऊन गेटसमोर उभे राहायचो, सर बाजूलाच असायचे. छोटे पोट्टे ओळीनं रस्ता क्रॉस करायचे आमच्या इशाऱ्यावर. मी वर्गात मागच्या बाकावरचा होतो, त्या शिट्टीमुळे मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याकडेही कोणी काही काम देऊ शकते. एकदा २६ जानेवारीला कस्तुरचंद पार्कवर परेड पाहायला नेलं होतं तर आम्ही सगळे आपोआप सावधानमध्ये उभे. आज मी चाळीस वर्षांचा आहे, सिग्नल तोडत नाही. बस एवढंच.

कोझिकोडहून_परत

ताई, मी मूळची धरमपेठची, मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही आठ वर्षं केरळात कोझिकोडला होतो, आता परत नागपुरात आलोय. माझा मुलगा तिथल्या एका अनुदानित शाळेत दोन वर्षं कॅडेट होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण ही सगळी कल्पना मुळात तिथलीच आहे. पी. विजयन नावाचे आयपीएस अधिकारी आहेत, त्यांनी आधी कोचीत छोटा प्रयोग केला आणि मग २०१०च्या ऑगस्टमध्ये १२७ शाळांमध्ये राज्य सरकारनं ते रीतसर सुरू केलं. गृह आणि शिक्षण दोन्ही खाती मिळून चालवतात, सोबत परिवहन, वन आणि उत्पादन शुल्क खातं पण असतं, म्हणजे नुसती पोलिसांची भरती नाही ती.

आमच्याकडे एका शाळेत एका बॅचला ४४ मुलं, २२ मुलं आणि २२ मुली, बरोबर अर्धे-अर्धे. आठवीत निवड होते, लेखी परीक्षा आणि धावणं वगैरे, मग आठवी-नववी दोन वर्षं. बुधवारी दुपारी आणि शनिवारी ट्रेनिंग. आता ह्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. शाळेतल्याच दोन शिक्षकांना, शक्यतो एक सर आणि एक मॅडम, ट्रेनिंग देऊन कम्युनिटी पोलीस ऑफिसर करतात. म्हणजे मुलांची जबाबदारी शेवटी शिक्षकांच्याच हातात. आणि जवळच्या ठाण्यातून दोन शिपाई येतात ड्रिल शिकवायला, एक पुरुष आणि एक महिला. मुलींना महिला पोलीसच शिकवते, त्यामुळे आयांना काळजी नसायची. ह्या दोघांची मुलांशी इतकी ओळख होते की माझा मुलगा बाजारात त्यांना बघून लांबूनच सॅल्यूट ठोकायचा आणि ते गर्दीतसुद्धा हात वर करायचे.

आणि हे का चाललं तर तिथे आधीपासून जनमैत्री सुरक्षा म्हणून कम्युनिटी पोलिसिंग होतं, २००८पासूनचं. त्यात एका बीट ऑफिसरकडे साधारण पाचशे घरं असतात आणि त्यानं प्रत्येक घरी जायचं, त्या घरातल्या किमान एका माणसाशी ओळख ठेवायची. आम्ही नवीन राहायला गेलो तेव्हा पंधरा-वीस दिवसांत आमच्याकडे पोलीस आला, मी घाबरलेच, भाषा येत नाही, वाटलं भाडेकरार वगैरे काही गडबड आहे. तर तो फक्त नाव-नंबर देऊन गेला, काही लागलं तर फोन करा म्हणाला. नंतर मुलगा कॅडेट झाल्यावर हेच लोक मुलांना सोबत घेऊन एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचे. मुलगा एका आजींकडे दर महिन्याला जाऊन त्यांचं औषध संपलं का बघायचा, त्यांना मल्याळम पेपर वाचून दाखवायचा, त्याचं मल्याळम तिथेच सुधारलं. २०१८च्या पुरात ह्या मुलांनी मदत केंद्रांवर कपडे निवडणं, तांदळाची पाकिटं भरणं असली कामं केली. पाण्यात कोणाला पाठवलं नाही, त्यासाठी मोठी माणसं होती.

अभ्यासाचं म्हणाल तर पहिल्या सहामाहीत थोडा घसरला, खोटं कशाला सांगू. शनिवारी दमून येऊन झोपायचा. पण नंतर सकाळी साडेपाचला स्वतः उठायला लागला आणि ते आजतागायत आहे.

मानेवाड्याची_आई

खूप छान माहिती दिली ताई, मनावरचं ओझं थोडं कमी झालं. पण आपल्याकडे तसंच आहे का? म्हणजे केरळात असेल, इथे कितपत? आणि ते दारूवाल्या गोष्टीचं कोणीच बोललं नाही. मला रात्री झोप येत नाही त्याच्यानं.

जुना_हवालदार

ताई नमस्कार. एकतीस वर्षं नोकरी करून चार वर्षांआधी रिटायर झालो. शेवटची काही वर्षं मी शाळेत जाऊन पोरापोरींची परेड घेतली, म्हणून सांगतो.

आधी इथल्या योजनेबद्दल. केरळचं पाहून केंद्र सरकारनं २१ जुलै २०१८ला ही देशभरासाठी सुरू केली, गुरुग्रामला कार्यक्रम झाला होता, तेव्हाचे गृहमंत्री राजनाथसिंह होते. सरकारी शाळांतल्या आठवी-नववीच्या मुलांसाठी. दर शाळेला ५० हजार रुपये साहित्य आणि किरकोळ खर्चासाठी ठरले. पुस्तक नाही, परीक्षा नाही, महिन्यातून किमान एक तास तरी व्हायला पाहिजे असं आहे. विषय दोन भागांत, एकात कम्युनिटी पोलिसिंग, रस्ता सुरक्षा, बायका-मुलांची सुरक्षा, भ्रष्टाचार, सामाजिक वाईट चाली, आपत्ती आली तर काय करायचं हे सगळं, आणि दुसऱ्यात वागणूक, मोठ्यांचा आदर, दुसऱ्याचं दुःख समजणं, संयम, टीमनं काम करणं. म्हणजे केरळएवढं कडक नाही, दर शनिवारी परेड वगैरे ते त्या त्या शाळेवर आणि ठाण्यावर आहे. ठाणेदार मनावर घेणारा असला तर फार सुंदर चालते, नसला तर फोटोपुरतं राहते, हे मी माझ्या डोळ्यानं पाहिलं आहे. म्हणून सहीच्या आधी एकदा शाळेत जाऊन विचारा की शिकवायला कोण येते, महिला पोलीस आहे का, मागच्या वर्षी काय काय केलं.

उन्हाचं म्हणता तर आम्ही सकाळी सातला सुरू करून साडेआठच्या आत संपवायचो आणि होळीनंतर मैदान बंद, वर्गातच बसवायचो. पोरं सकाळी उपाशीपोटी येतात, हे मुख्य. पहिल्याच शनिवारी एक मुलगी कदमताल करता करता खाली बसली, चक्कर. विचारलं तर रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या डिक्कीत फुटाणे अन् गुळाचा डबा असायचा, आधी खायचं मग सावधान. तुम्ही पोरीला घरून खाऊ घालूनच पाठवा.

आता दारूचं. ताई हे तुम्ही विचारलं ते फार बरं केलं कारण ह्याच्यात आमच्या लोकांचीही चूक होते. कॅडेट म्हणजे खबऱ्या नाही. खबऱ्या वेगळा, त्याला आपण काय करून राहिलो ते माहीत असते, तो मोठा माणूस असतो, त्याचं नाव कुठे येत नाही. तेरा वर्षांच्या लेकराला वर्दी घालून वर्गासमोर उभं करून कुणी विचारलं की तुझ्या गल्लीत दारू कोण विकते, तर त्यानं त्या लेकराला उघडं पाडलं. मी एका पोराचं पाहिलं आहे. आमच्यातल्याच एकानं सहज विचारलं, पोरानं भर वर्गात नाव सांगितलं, संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीत झालं. तो पोरगा आठ दिवस शाळेत आला नाही. मी सिव्हिल ड्रेसवर त्याच्या घरी गेलो, त्याची आई दार उघडेना. बाहेर उभं राहूनच बोललो तिच्याशी. त्यानंतर मी वर्गात पहिल्या तासाला फळ्यावर लिहून टाकायचो की इथे कुणाचंही नाव घ्यायचं नाही, गोष्ट सांगायची असली तर एकट्यानं मॅडमला सांगायची.

आणि कायदा पण हेच सांगते बरं का. पोक्सो कायदा आहे २०१२चा, लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा, त्यात लेकराचा जबाब घ्यायचा तर त्याच्या घरी किंवा त्याला पाहिजे त्या जागी घ्यायचा, होईल तोवर महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, आणि वर्दीत घ्यायचा नाही. रात्री कुठल्याही कारणानं लेकराला ठाण्यात ठेवायचं नाही. आता विचार करा, ज्या लेकरावर अत्याचार झाला त्याच्यासमोर सुद्धा वर्दी उतरवून जा असं कायदा म्हणते, तर मग दुसऱ्याच्या गुन्ह्याची माहिती काढायला वर्दीवाल्यानं लेकराला धरणं कसं चालेल. तुम्ही पोरीला एवढंच शिकवून ठेवा, कोणी विचारलं तर म्हणायचं, सर मला माहीत नाही, माझ्या मॅडमला विचारा. हे खोटं बोलणं नाही, हे तिचं संरक्षण आहे. त्या भट्टीचा बंदोबस्त करणं आमचं काम आहे, तिचं नाही. तुम्हाला तक्रार करावीशी वाटली तर तुम्ही ११२वर करा, नाव सांगायचं नाही असं म्हणा, मोठ्यांनी करायची गोष्ट आहे ती.

उत्तर_नागपूर_२७

हवालदार काकांनी लिहिलं ते पटलं, त्यांच्यासारखे असते तर प्रश्नच नव्हता. पण मला दुसरी बाजू लिहायची आहे. मी वस्तीत वाढलो. सतरा वर्षांचा असताना रात्री क्लासवरून येत होतो, आम्ही चार मित्र, गाडीवर बसून बोलत होतो, कुठे चोरी झाली होती म्हणून उचलून नेलं, दोन तास उभं ठेवलं, एक थापड पण बसली. माझ्या वडिलांना हात जोडावे लागले. कोणतं ठाणं ते लिहीत नाही. सांगायचं कारण हे की मुलांना वर्दी दिली, परेड करवली, त्यानं मुलं सुधरतील पण ठाणं सुधरते का? मुलांनी पोलिसांची भीती सोडावी म्हणता तर पोलिसांनीही वस्तीतल्या पोरांची भीती सोडली पाहिजे ना. त्यांना आम्ही सगळे चोरच दिसतो.

आणि निवड कोणाची होते? उंच, हुशार, ज्यांचे आईवडील मीटिंगला येतात अशा मुलांची. जो पोट्टा आठवीत चौकात तंबाखू-सुपारीचा खर्रा खात उभा राहते, ज्याचा बाप नाही, ज्याला खरंच कोणी हात धरणारा पाहिजे त्याला लेखी परीक्षा अन् धावायची टेस्ट लावली तर तो कधीच येणार नाही. मग त्याला पोलीस कधी भेटते तर पकडायला आल्यावरच. मला ह्या योजनेचा राग नाही, माझ्या बहिणीचा मुलगा मोठा झाला तर मी त्याला पाठवेन, पण हे कोणीतरी बोललं पाहिजे.

गणिताच्या_मॅडम

उत्तर नागपूर भाऊ, तुमच्याशी जे झालं ते व्हायला नको होतं, आणि तुम्ही निवडीचं जे लिहिलं ते वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले कारण पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं. मी शिक्षिका आहे, आमच्या शाळेत हा उपक्रम तीन वर्षांपासून माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षी मी हुशार, नीटनेटकी, घरचा डबा आणणारी मुलं घेतली कारण मला कार्यक्रम चांगला करून दाखवायचा होता. मुलं उत्तम होती, परेड उत्तम झाली, आणि वर्षाच्या शेवटी माझ्या लक्षात आलं की ही मुलं माझ्याशिवायही चांगलीच झाली असती.

दुसऱ्या वर्षी मी अर्ध्या जागा वेगळ्या ठेवल्या. जो मुलगा आठवड्यातून दोन दिवस दांडी मारायचा, ज्याच्या दप्तरात खर्र्याची पुडी सापडली होती, त्याला मी टोलीचा लीडर केलं. स्टाफरूममध्ये फार बोलणी खाल्ली. पहिला महिना तो उशिरा यायचा, मग एक दिवस ड्रिलवाल्या ताईंनी, म्हणजे ठाण्यातून ज्या महिला शिपाई यायच्या त्यांनी, त्याला म्हटलं की तू नाही आला तर ह्या अकरा जणांना कमांड कोण देईल, मी आता तुझी टोली घेणार नाही. त्यानंतर तो एकही शनिवार चुकला नाही. खर्रा लगेच सुटला असं मी म्हणणार नाही, त्याला वर्ष लागलं. आता तो दहावीला आहे.

आणि ठाणं सुधरते का हा जो तुमचा प्रश्न आहे त्याचं मला एवढंच सांगता येते. पहिल्यांदा आम्ही मुलांना ठाण्यात नेलं तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना लॉकअप दाखवलं, बेड्या दाखवल्या, वायरलेस ऐकवला, मुलं खुश झाली. परत आल्यावर एका मुलीनं मला विचारलं, मॅडम माझ्या आईनं तक्रार द्यायची असली तर ती कुठे बसेल? मी पुढच्या वेळी ठाणेदार साहेबांना तोच प्रश्न मुलांसमोर विचारायला लावला. ते जरा थांबले, मग उठून स्वतः सगळ्यांना समोरच्या टेबलाजवळ घेऊन गेले, तक्रार कशी लिहून घेतात ते दाखवलं, एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते हे सांगितलं, आणि प्रत्येक ठाण्यात लहान मुलांच्या कामासाठी बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा, तो आमच्याकडे कोण हे मुलांना समोर उभं करून दाखवलं. तिथे बाकावर एक बाई केव्हाची बसलेली होती, तिच्याकडे साहेबांचं लक्ष गेलं आणि त्यांनी आधी तिचं काम करायला सांगितलं. चाळीस लेकरं बघत असताना कोणीही नीट वागते म्हणाल, तर हो, म्हणूनच दर दोन महिन्यांनी चाळीस लेकरं तिथे गेली पाहिजेत असं मला वाटते. मुलं जशी पोलीस बघतात तसे पोलीसही मुलांना बघतात. आमच्या ड्रिलवाल्या ताई आता वस्तीत गेल्या की घरांना मुलांच्या नावानं ओळखतात, अमुकचं घर, तमुकीची आई. आधी त्या घरांची ओळख फक्त गुन्ह्याच्या रजिस्टरात होती.

कामाचं सांगायचं तर आमच्याकडे सगळ्यात मोठं काम संक्रांतीच्या आधी असते, नायलॉन मांजाचं. नागपुरात दर वर्षी ह्या मांजानं गळे कापले जातात, पक्षी तर किती मरतात, बंदी असूनही चोरून विकतात. मुलं डिसेंबरपासून आपापल्या गल्लीत छोट्या पोरांशी बोलतात, चक्रीतला मांजा बघतात, नायलॉन निघाला तर त्याच्या बदल्यात साधा मांजा देतात, तो आम्ही शिक्षक वर्गणी काढून आणतो. विकणाऱ्याकडे मुलांनी अजिबात जायचं नाही हा माझा नियम आहे, हवालदार काकांनी जे लिहिलं तेच, दुकान शोधणं पोलिसांचं काम. मागच्या वर्षी एका मुलानं स्वतःच्या मोठ्या भावाची चक्री आणून दिली, भावानं त्याला मारलं, मग मी आणि ताई दोघी त्यांच्या घरी गेलो, भावाला ओरडायला नाही, सोबत चहा प्यायलो आणि त्याच्या गाडीला पुढे लावायची मांजा अडवणारी तार दिली. तो गाडीवर डिलिव्हरीचं काम करते, उद्या त्याच्याच गळ्यात यायचं.

दुसरं म्हणजे गाडीचं. नववीची मुलं ट्यूशनला गाडी घेऊन जातात, आईवडीलच चावी देतात. २०१९पासून कायदा असा आहे की अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे मुलांनी घरी जाऊन सांगितल्यावर आमच्या वर्गातल्या सहा-सात गाड्या बंद झाल्या, माझ्या दहा नोटिसांनी झाल्या नव्हत्या.

चौकात ट्रॅफिकला मी मुलांना उभं करत नाही. शाळेच्या गेटसमोर, शाळा सुटताना, सोबत एक मोठा माणूस, बस. एकदा मारबतीच्या मिरवणुकीला गर्दी अडवायला दोरी धरून उभी करायला मुलं मागितली होती, मी लेखी नकार दिला. मुलं बंदोबस्ताचे फुकटचे हात नाहीत. साहेबांना सुरुवातीला राग आला, नंतर त्यांनीच फोन करून सांगितलं की मॅडम बरोबर केलं, त्या दिवशी फार रेटारेटी झाली.

मानेवाड्याच्या ताई, तुमची मुलगी अबोल आहे म्हणालात. अबोल मुलांना कमांड द्यायला फार अवघड जाते, पहिल्यांदा आवाजच निघत नाही. आमच्याकडे एका मुलीला दोन महिने लागले मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं सावधान म्हणायला. पण तोपर्यंत कोणी हसणार नाही, एवढी खात्री त्यांच्या मॅडमकडून तुम्ही घ्या.

कोझिकोडहून_परत

गणिताच्या मॅडम, दोरीचं वाचून बरं वाटलं. केरळातही गर्दीच्या कामाला पालकांनी हरकत घेतलेली मी पाहिली आहे, तिथे पालकांचीच एक समिती शाळेसोबत असायची, त्यांना विचारल्याशिवाय मुलं बाहेर जायची नाहीत. ताई तुम्ही शाळेत गेलात तर अशी पालक समिती करा म्हणून सुचवा, आणि तुमच्या मिस्टरांना त्यात घ्या. ऑटोवाल्यांना पोलिसांचं सगळं माहीत असते, त्यांनी समोर बसून बोललं तर फरक पडतो.

उत्तर_नागपूर_२७

मॅडम तुमच्या त्या दहावीतल्या मुलाबद्दल वाचलं. त्याला गणितात काही अडलं तर मी रविवारी शिकवू शकतो, पैसे नको. मी इंजिनिअरिंग केलं आहे, इंदोऱ्याहून येईन. इथे नंबर टाकत नाही, तुम्ही मेसेज करा.

मानेवाड्याची_आई

सगळ्यांचे खूप आभार, काल मी शाळेत जाऊन आली. मिस्टरांना पण सोबत नेलं, ते बाहेर ऑटोतच बसतो म्हणत होते पण मॅडम स्वतः बाहेर आल्या तर मग आत आले. महिला पोलीस आहे, चौकात उभं करत नाहीत, सकाळी सात ते साडेआठ. मी हवालदार काकांनी सांगितलेली नावं न विचारायची गोष्ट घाबरत घाबरत काढली. मॅडम म्हणाल्या आम्हाला हे लेखी करायचं सुचलंच नव्हतं, आता पहिल्या मीटिंगमध्ये ठाणेदार साहेबांसमोर सांगते. पालकांच्या समितीला मिस्टरांनी नाव दिलं, का दिलं ते मला अजून सांगत नाहीत, पण रात्री पोरीला विचारून राहिले होते की वर्दीला इस्त्री कोण करणार, मी करून देईन.

सासूबाई अजून बोलत नाहीत माझ्याशी. पण फॉर्मवर पालकाची सही झाली आहे, दोघांची केली.

११२वर फोन मी केला. नाव नाही सांगितलं. पोरीला हे माहीत नाही, तिला सांगणार पण नाही.

एकच विचारायचं राहिलं. शाळेतून वर्दी मिळणार आहे पण बूट आपल्याला घ्यायचे आहेत, काळे. कुठले घेऊ, नेहमीचे शाळेचे चालतात का?

जुना_हवालदार

शाळेचे चालतात ताई, उगाच महाग घेऊ नका. लेसवाले घ्या, वेल्क्रोचे कदमतालमध्ये उघडतात. एक नंबर मोठे घ्या, आठवीतल्या लेकरांचा पाय सहा महिन्यांत वाढते, आणि आतून जाड सुती मोजे, नायलॉनचे नको, आपल्याकडच्या उन्हात फोड येतात. शनिवारच्या आधी दोन-तीन दिवस घरात घालून फिरू द्या.